'करते' आणि 'करते आहे' : इंग्रजी वर्तमानकाळाची गाठ

मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी इंग्रजी पाचवीपासून असे. 2000 सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून आले. तरीही दहावी-बारावी झालेली आपली मुले नोकरीचा अर्ज लिहायला बसली की वर्तमानकाळापाशी अडखळतात. आम्ही दिवसा कारकुनी करतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेतो. दोन्हीकडे हेच पाहतो. मुले मठ्ठ नाहीत. काळांचे तक्ते त्यांना तोंडपाठ असतात. पण आपली मराठी इंग्रजीशी कुठे जुळते आणि कुठे फारकत घेते, हे त्यांना कोणी समजावून दिलेले नसते.

'आई भाकरी करते' हे वाक्य घ्या. आई रोज भाकरी करते, असा त्याचा अर्थ होतो. आणि दारात आलेल्या शेजारणीने 'आई कुठे गं?' विचारले, मुलगी 'भाकरी करते' म्हणाली, तर आई या घटकेला शेगडीपुढे आहे, असाही होतो. इंग्रजीत ही सवलत नाही. रोजचे असेल तर 'मदर मेक्स भाकरी', आत्ताचे असेल तर 'मदर इज मेकिंग भाकरी'. म्हणून इंग्रजी करण्याआधी मुलाने स्वतःला विचारावे : हे नेहमीचे की आत्ताचे?

'मेक्स'मधला शेवटचा 'स' ही, शी, इट किंवा कोणा एकाचे नाव आले की लागतो. नकारात आणि प्रश्नात तो 'डज'कडे जातो आणि क्रियापद मोकळे होते. 'शी डज नॉट मेक' बरोबर. 'डज नॉट मेक्स' म्हणजे एकाच दिवसाची दोनदा हजेरी!

कित्येकांना 'आयएनजी' जोडले की इंग्रजी भारदस्त वाटते. मग 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' सुरू होते. माहीत असणे, हवे असणे, जवळ असणे ही चालू असलेली कामे नव्हेत, त्या स्थिती आहेत. तिथे 'आय नो', 'आय हॅव टू ब्रदर्स' एवढेच पुरे. (जेवताना मात्र 'आय ॲम हॅविंग माय लंच' चालते, तिथे 'हॅव' म्हणजे खाणे.)

खरा घोटाळा पुढे आहे, आणि तो पोटावर येतो. 'मी तीन वर्षांपासून इथे काम करते' हे मराठीत साधे वाक्य. मुले त्याचे 'आय ॲम वर्किंग हियर सिन्स थ्री इयर्स' करतात. इंग्रजीची रीत अशी की काम मागे सुरू झाले आणि आजही चालू आहे, तर 'हॅव बीन' हवे : 'आय हॅव बीन वर्किंग हियर फॉर थ्री इयर्स'. मुदत सांगायची तर 'फॉर', सुरुवात सांगायची तर 'सिन्स', जसे 'सिन्स 2022'. वस्तीतली एक मुलगी मुलाखतीत 'आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स' म्हणाली. समोरच्याने लगेच विचारले, 'नोकरी का सोडली?' तिने सोडलीच नव्हती! पण 'वर्क्ड' म्हटले की काम संपले, असाच अर्थ निघतो. ती गोंधळली आणि पुढची उत्तरे फसली.

तसेच 'आय हॅव पास्ड एसएससी इन 2019'. आमच्या टेबलावरच्या अर्जांत हे वाक्य नेहमीचेच. साल दिले, 'काल' म्हटले, 'गेल्या महिन्यात' म्हटले की 'हॅव' चालत नाही. 'आय पास्ड एसएससी इन 2019' असा सरळ भूतकाळ लिहावा. साल न देता नुसते उत्तीर्ण असल्याचे सांगायचे तर 'आय हॅव पास्ड एसएससी' अगदी बरोबर.

घरी याचा सराव बिनखर्चाचा आहे, आणि आईवडिलांना इंग्रजी येत नसले तरी अडत नाही. रात्री जेवणे आटोपली की त्यांनी मराठीतच चार प्रश्न विचारावेत : रोज किती वाजता उठतोस? आत्ता काय करतोस? आज काय काय करून झाले? या शाळेत कधीपासून आहेस? मुलाने इंग्रजीत मोठ्याने उत्तर द्यावे आणि तेच वहीत लिहावे. पहिल्या प्रश्नाला 'आय गेट अप', दुसऱ्याला 'आय ॲम', तिसऱ्याला 'आय हॅव', चौथ्याला 'आय हॅव बीन'. आठवड्याची वही रविवारी एखाद्या शिकलेल्या शेजाऱ्याकडून तपासून घ्यावी.