हिलसाला उडी मारता येत नाही

धरण म्हटलं की आपण सिव्हिलवाले गेट, गाळ नि डिस्चार्ज मोजतो. माशांचं कोण विचारतो? हिलसा राहतो समुद्रात, पण अंडी घालायला नदीत शिरतो. गंगेतून तो पूर्वी पार अलाहाबादपर्यंत (आजचं प्रयागराज) चढायचा. कोलकाता बंदरातला गाळ धुऊन काढण्यासाठी १९७५ साली फराक्का बॅरेज सुरू झालं आणि १०९ दरवाजांच्या रांगेने त्याची वाट अडवली.

तुम्ही म्हणाल, मग परदेशात सॅमनसाठी बांधतात तसा पायऱ्यांचा जिना बांधा ना! पण सॅमन उड्या मारतो, हिलसा मारत नाही. त्याला लागतं फिश लॉक. खालचं दार उघडून मासे आत घ्यायचे, ते बंद करून पाणी वरच्या पातळीपर्यंत भरायचं, मग वरचं दार उघडायचं. माशांची लिफ्टच म्हणा! फराक्क्याला अशी लॉक बांधलेली आहेत. पण नुसती बांधून काय उपयोग? हंगामात ती नेमाने चालवायला हवीत, शिवाय दाराशी पाण्याची ओढ हवी, नाहीतर माशाला दार सापडणार कसं?

गेल्या काही वर्षांत बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने बॅरेजखाली पकडलेले हिलसा वरच्या बाजूला सोडले आहेत. छान आहे, पण मला ते अर्धंच काम वाटतं. वर जन्मलेल्या पिल्लांना पुन्हा समुद्र गाठायचा असतो, आणि वाटेत बारीक जाळी लावलेली असतात.