पुरणपोळीचा हिशेब

पाव किलो हरभऱ्याची डाळ, पाव किलो गूळ, पाव किलो कणीक आणि ती भिजवताना घातलेलं दोन मोठे चमचे तेल. एवढ्यात मध्यम आकाराच्या आठ पुरणपोळ्या होतात. डाळीच्या साधारण ८२० कॅलरी, गुळाच्या ८८०, कणकेच्या ८०० आणि तेलाच्या अडीचशे. बेरीज पावणेतीन हजारांची. आठाने भागलं की एका पोळीच्या वाट्याला सुमारे ३४५ येतात. आता तिच्यावर तूप. चहाच्या चमच्याने एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम तूप घातलं तर ४५ कॅलरी वाढतात. वाढणाऱ्याने प्रेमाने धार धरली तर पंचवीस-तीस ग्रॅम तूप बघता बघता पडतं आणि एकट्या तुपाच्या अडीचशे कॅलरी होतात.

या हिशेबाने दचकायचं कारण नाही. उलट, वजन उतरवताना पुरणपोळी सोडायची नसेल तर हाच हिशेब कामी येतो.

वजन कमी करायचं ठरलं की आपल्याकडे पहिला घाव आवडत्या पदार्थांवर पडतो. गोड बंद, भात बंद, तळलेलं बंद. दोन-तीन आठवडे निश्चय टिकतो. मग सण येतो किंवा घरात बारसं निघतं, आणि ताटात वाढलेल्या जिलबीला नाही म्हणवत नाही. एक खाल्ली जाते. पुढचा विचार ठरलेला असतो : ‘आता मोडलंच आहे तर मोडलं. सोमवारपासून पुन्हा सुरू करू.’ त्या एका जिलबीने फार बिघडलेलं नसतं. बिघडतं ते सोमवार येईपर्यंत जे खाल्लं जातं त्याने.

या मनःस्थितीचा अभ्यास झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर हर्मन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही तरुणींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि नंतर ‘चव सांगा’ म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवलं. एरवी खाण्यावर निर्बंध न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरल्यावर असंच व्हायला हवं. वजनाच्या धास्तीने एरवी हात आखडून खाणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेकनंतर आइस्क्रीम जास्त खाल्लं. एकदा नियम मोडला की त्यांच्या लेखी त्या दिवसापुरता नियमच उरला नव्हता. पुढे १९९०च्या दशकात जर्मन संशोधक योआखिम वेस्टेनहोफर यांनी खाण्यावरच्या नियंत्रणाचे दोन प्रकार वेगळे काढले : ताठर आणि लवचिक. ‘हे कधीच खायचं नाही’ असं म्हणणाऱ्या ताठर लोकांमध्ये ताबा सुटण्याचं प्रमाण अधिक दिसलं. जास्त खाल्लं तर पुढच्या जेवणात सांभाळून घेणाऱ्या लवचिक लोकांचा ताबा कमी सुटत होता आणि त्यांचं वजनही तुलनेने आटोक्यात होतं.

लवचिकपणा जमायला मात्र आकडे माहीत असावे लागतात. कॅलरी मोजण्याचा खरा उपयोग इथे आहे.

कॅलरी आली कुठून?

एक किलो पाण्याचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला जेवढी उष्णता लागते, ती आहारशास्त्रातली एक कॅलरी. शास्त्रज्ञ तिला किलोकॅलरी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने एक बंदिस्त खोली तयार केली. माणूस तिच्यात काही दिवस राहायचा, तिथेच जेवायचा, झोपायचा, व्यायाम करायचा आणि त्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता बाहेरून मोजली जायची. आज वापरात असलेले आकडे त्याच कामातून आले : एक ग्रॅम प्रथिनातून चार कॅलरी, एक ग्रॅम कर्बोदकातून चार आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून नऊ. वेष्टनावरच्या कॅलरी आजही मुख्यतः याच सूत्राने काढलेल्या असतात.

लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी हे आकडे प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात आणले. १९१८ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाने सामान्य वाचकांना पहिल्यांदा कॅलरी मोजायला शिकवलं आणि ते पुस्तक तडाखेबंद खपलं. योगायोग असा की त्याच वर्षी भारतात कुन्नूरला आहारविषयक संशोधनाचा एक छोटा विभाग सुरू झाला. पुढे तो हैदराबादला हलला. हीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. ज्वारीपासून नाचणीपर्यंत आपल्या धान्यांत, डाळींत, भाज्यांत काय काय आहे, याची कोष्टकं तिने तयार केली आहेत. डाळीचे, गुळाचे आणि कणकेचे वरचे आकडे त्याच कोष्टकांच्या आधाराने काढले आहेत.

केकवर दहा आठवडे

आवडीचं खाऊनही वजन उतरतं का? अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात पोषणशास्त्र शिकवणाऱ्या मार्क हॉब यांनी २०१० साली याचं उत्तर स्वतःवर प्रयोग करून शोधलं. दहा आठवडे त्यांच्या खाण्याचा मोठा हिस्सा क्रीम भरलेले छोटे केक, चिप्स, बिस्किटं आणि साखरेची सीरिअल्स असाच होता. अट एकच : दिवसाला १,८०० कॅलरींच्या आत राहायचं. जोडीला जीवनसत्त्वांची गोळी, प्रोटीन शेक आणि थोड्या भाज्या होत्या. दहा आठवड्यांत त्यांचं वजन सुमारे १२ किलोंनी उतरलं.

असा आहार कुणी घ्यावा, असं हॉब यांनीही सुचवलं नव्हतं. वजनाच्या काट्याला पदार्थाचं नाव कळत नाही, शरीराला लागणारी ऊर्जा आणि तोंडावाटे गेलेली ऊर्जा यांतला फरक कळतो, एवढंच त्यांना वर्गातल्या मुलांना दाखवायचं होतं. शरीराला मात्र प्रथिनं, चोथा, लोह, कॅल्शियम हे सगळंच लागतं आणि ते केकमधून मिळत नाही. म्हणून रोजचं ताट साधं, सकस ठेवायचं आणि आवडीच्या पदार्थाला त्यात ठरवून जागा करायची, हा मार्ग जास्त शहाणपणाचा.

विसरलेल्या कॅलरी

‘मी काहीच खात नाही, तरी वजन उतरत नाही,’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. अशीच तक्रार असलेल्या दहा जणांचा अभ्यास १९९२ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. ही माणसं प्रत्यक्षात जेवढं खात होती, त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी नोंदवत होती आणि शारीरिक हालचाल ५१ टक्के जास्त सांगत होती. ती खोटं बोलत होती असं मानायचं कारण नाही. खाल्लेलं विसरायला होतं आणि अंदाज चुकतो.

आपल्या घरातल्या विसरलेल्या कॅलरी शोधायच्या तर पहिलं बघायचं ते तेल. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी एक लिटर झालं. म्हणजे महिन्याला सुमारे ८,२०० कॅलरी, रोजच्या जवळजवळ २७०. फोडणीचं तेल बाटलीतून थेट कढईत न ओतता चमच्याने मोजून घातलं आणि खप निम्म्यावर आणला, तर महिन्याला माणशी चार हजार कॅलरी वाचतात. चमचाभर तूप घातलेल्या दहा पुरणपोळ्यांचा हा ऐवज आहे आणि भाजीतलं तेल तेवढं कमी झालेलं जिभेला फारसं जाणवतही नाही.

दुसरा चहा. दोन चमचे साखरेच्या ४० आणि अर्धा कप म्हशीच्या दुधाच्या पन्नासेक, अशा एका कपाच्या नव्वद कॅलरी. ऑफिसात, शेजारी, पाहुण्यांबरोबर मिळून दिवसाला चार कप झाले तर ३६०. म्हणजे रोज एक पुरणपोळी पोटात जाते, फक्त तिची चव मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशी ती आठवतही नाही.

तिसरी गोष्ट उपासाची. साठ ग्रॅम साबुदाण्याच्या २१०, पंचवीस ग्रॅम दाण्याच्या कुटाच्या १४०, दोन चमचे तुपाच्या ९० आणि अर्ध्या बटाट्याच्या पंचवीस. खिचडीची एक बशी ४६५ कॅलरींची. साधा वडापाव साधारण ३०० च्या घरात जातो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण करणाऱ्यांनी कॅलरी हा शब्द ऐकला नव्हता, पण त्यांचं निरीक्षण अचूक होतं. खिचडी आवडत असेल तर ती जरूर खावी. उपासाची म्हणून ती हलकी असेल, असं मात्र धरून चालू नये.

आठवड्याचं अंदाजपत्रक

पगारदार माणूस दिवाळीच्या खर्चासाठी आधीचे दोन महिने थोडं थोडं बाजूला टाकतो. कॅलरींचंही तसं करता येतं. समजा, एखाद्या बाईला दिवसाला १,९०० कॅलरी लागतात आणि तिने १,५०० वर यायचं ठरवलं आहे. आठवड्याचे झाले १०,५००. सहा दिवस १,४५० वर भागवलं, तर सणाच्या दिवशी हाताशी १,८०० राहतात. चमचाभर तुपासह दोन पुरणपोळ्या ७८०, वाटीभर कटाची आमटी सत्तर-ऐंशी, भाताची लहान मूद नि वरण दोनशे, बटाट्याची भाजी सव्वाशे, काकडीची कोशिंबीर चाळीस. पानभर जेवण होऊनही सहाशेच्या जवळपास कॅलरी उरतात. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं ताक-भात त्यात बसतं. दिवसभर उपाशी राहून दुपारच्या पंगतीवर तुटून पडण्याची वेळ येत नाही.

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. त्यामुळे रोज चारशे-पाचशेची तूट राहिली तर सुरुवातीला आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतं. पुढे वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराला ऊर्जाही कमी लागते. काटा थांबला म्हणून आवडीचं सगळं बंद करण्याऐवजी हिशेब नव्याने मांडावा. सकाळच्या पोह्यांना मोड आलेल्या मटकीची जोड दिली, जेवणात पिठलं, उसळ, अंडी किंवा मासे असले, तर पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि दुपारच्या फरसाणाकडे हात जात नाही.

चवीचंही एक शास्त्र आहे. संशोधक बार्बरा रोल्स यांनी १९८१ साली दाखवून दिलं की एकच पदार्थ खात राहिलं तर त्याची गोडी कमी होत जाते, दुसऱ्या पदार्थाची मात्र तशीच राहते. जेवून तृप्त झाल्यावरही श्रीखंडाला जागा होते, ती याचमुळे. पहिल्या दोन-चार घासांत जेवढा आनंद असतो तेवढा दुसऱ्या वाटीत नसतो. मराठी ताटाची डावी बाजू यावर उभी आहे : बोटभर लोणचं, चिमूटभर मीठ, चमचाभर चटणी. ज्याची चव तीव्र, त्याचं प्रमाण लहान. श्रीखंडाची वाटी त्याच मापाने घेता येते.

बारीक दिसणाऱ्यांनाही

हा विषय फक्त जाडजूड माणसांचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. भारतीय शरीर बारीक दिसत असतानाही चरबी साठवतं, हे त्या जोडछायाचित्राने जगाला दाखवलं. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात. पुरुषांची कंबर ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त होऊ नये, असं डॉक्टर सांगतात.

मोजमापाची वाट प्रत्येकाला मानवेल असं नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगतात. ऋजुता दिवेकर कॅलरी मोजण्याऐवजी आजीच्या स्वयंपाकघरातलं अन्न बेताने खाण्याचा आग्रह धरतात. वाढत्या वयाची मुलं, गर्भवती आणि खाण्याविषयीच्या मानसिक आजाराचा त्रास झालेली माणसं यांनी आकड्यांच्या मागे लागू नये. मधुमेह असलेल्यांनी गोडाचं प्रमाण डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. बाकीच्यांनीही आयुष्यभर वही बाळगण्याची गरज नाही. दोन-तीन महिने प्रामाणिकपणे मोजलं, की वाटी, चमचा आणि मूठ यांचा अंदाज डोळ्यात बसतो.

उरतो आग्रह. घरच्यांना आधी सांगून ठेवलं तर तो निभावता येतो. ‘दोन खाणार आहे, तिसरी उद्यासाठी ठेवा,’ म्हटलं की वाढणारीचं मन मोडत नाही. पुरणपोळीच्या बाबतीत तर हे सहज पटतं, कारण शिळी पोळी अनेकांना ताजीपेक्षा जास्त आवडते. होळीच्या आठ पोळ्यांतली एक डब्यात उरते. धुळवडीला सकाळी ती बाहेर निघते, तव्यावर जराशी गरम होते आणि पेलाभर दुधात कुस्करली जाते. पोळीच्या ३४५, गाईच्या दुधाच्या शंभर. रंग खेळायला खाली उतरण्याआधी वहीत नाश्त्यापुढे आकडा पडतो : ४४५.