किमोनो फाडून विणलेली शाल

वसई-विरारकडच्या ज्या घरांत जुन्या लुगड्यांच्या गोधड्या झाल्या, त्यांना जपानची ‘साकीओरी’ लगेच ओळखीची वाटेल. फरक एवढाच, की तिथे शिवत नाहीत, विणतात. उत्तरेकडच्या आओमोरीत थंडीमुळे कापूस पिकत नसे; जुने सुती कपडे जहाजांनी यायचे. ते फाडून पट्ट्या बाण्याला, साधा धागा ताण्याला.

आता रेशमी किमोनोंच्या शालीही होतात. किमोनोचं कापड जेमतेम 36 सेंटीमीटर रुंद, तेही सरळच कापलेलं. उसवलं की लांब पट्ट्या मिळतात. पट्टी बारीक हवी, नाहीतर शालीऐवजी सतरंजी!

बंगालमधल्या बीरभूमचं ‘खेश’ याच जातीचं, बाण्यात जुन्या साड्या. आधी तेच घेऊन बघा, खिशाला झेपतं.