सापाच्या घासाआधी

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये घरी कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन पाळणारे बरेच लोक त्याला गोठवलेला उंदीर कोमट करून चिमट्याने भरवतात. जिवंत उंदीर जिवाच्या आकांताने चावतो आणि सापालाच खोल जखमा होतात. पण तो उंदीर आधी कसा मारला गेला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

प्रचलित पद्धत कार्बन डायऑक्साइडची. हा वायू नाकाडोळ्यांच्या ओलाव्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल तयार होतं. आधीच वायूने भरलेल्या पेटीत उंदीर टाकला, तर शुद्ध हरपण्याआधी त्याची आग आग होते. म्हणून अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वायू हळूहळू सोडायचा : दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या 30 ते 70 टक्के. वेदना सुरू होण्याआधी उंदीर बेशुद्ध व्हावा, हा हेतू. भीती मात्र उरतेच, कारण उंदराच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भीतीशी निगडित भागाला हा वायू थेट जाणवतो. त्यामुळे ही पद्धत मला निर्दोष वाटत नाही.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरपासून हा वायू बनवण्याचा घरगुती खटाटोप तर नकोच. त्यात प्रवाहावर ताबा राहत नाही. सिलिंडर आणि प्रवाहमापक हवाच. जिवंत उंदीर फ्रीझरमध्ये ठेवणं हे निव्वळ क्रौर्य.

सगळ्यात फसगत होते ती गुलाबी, केस न फुटलेल्या पिल्लांची. त्यांचं शरीर ऑक्सिजनची टंचाई बराच वेळ सोसतं. ती निपचित पडतात, पण मेलेली नसतात. नवजात पिल्लाला मरायला कधीकधी 50 मिनिटंही लागतात. म्हणून श्वास थांबल्यावरही दुसऱ्या पद्धतीने, प्रशिक्षित हातांनी, मृत्यू पक्का करायचा आणि मगच गोठवायचं.