नवरात्रीचे नऊ रंग: शास्त्र कुठले, वेळापत्रक कुठले?

भाद्रपद सरत आला की ठाण्यात टेंभी नाक्यावर देवीच्या मंडपाची लगबग सुरू होते, जांभळी नाक्याच्या बाजारात घट, परडी आणि सप्तधान्याचे ढीग लागतात, आणि प्रत्येकीच्या मोबाइलवर नऊ रंगांची यादी येऊन पडते. पहिल्या माळेला कोणता रंग, दुसऱ्या माळेला कोणता, हे ठाणे-कल्याण-डोंबिवलीत सांगावेही लागत नाही. सकाळच्या लोकलचा लेडीज डबाच ते सांगतो. या यादीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा की ती पुराणांतून आली आहे: प्रत्येक दिवसाची एक देवी, प्रत्येक देवीचा एक ठरलेला रंग, आणि तो नेसला की तिची कृपा. हा दावा पडताळून पाहणे अवघड नाही, कारण पुरावा यादीतच आहे.

पहिल्या माळेची देवी शैलपुत्री मानतात. आता पहिल्या माळेचे रंग पाहा: २०२२ मध्ये पांढरा, २०२३ मध्ये केशरी, २०२४ मध्ये पिवळा. देवी तीच, रंग तीन. मग बदलले काय? वार. २०२२ ची घटस्थापना सोमवारी होती, २०२३ ची रविवारी, २०२४ ची गुरुवारी. रविवारी केशरी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, अशी ही वारांची साखळी आहे. उरलेल्या दोन दिवसांसाठी गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांतले दोन रंग येतात. म्हणजे रंग तिथीचा नाही, देवीचाही नाही. तो वाराचा आहे. देवीकवचात शैलपुत्रीपासून सिद्धिदात्रीपर्यंत नवदुर्गांची नावे येतात, पण भक्ताने कोणत्या दिवशी कोणत्या रंगाचे वस्त्र नेसावे याचा तिथे उल्लेख नाही.

यावर कुणी म्हणेल की वारांना ग्रह असतात, ग्रहांना रंग असतात, तेव्हा शास्त्र आलेच. काही वारांपुरते ते जुळतेही: सोमवारचा चंद्र पांढरा, मंगळ तांबडा, गुरू पिवळा. पण बुधाचा रंग ज्योतिषात हिरवा, त्याचे रत्न पाचू. यादीत मात्र बुधवारी निळा येतो. शुक्राचा रंग पांढरा, त्याचे रत्न हिरा. यादीत शुक्रवारी हिरवा. शनीचा काळा-निळा, यादीत करडा. ओळखीच्या संकेतांतून काही उचलले, काही सोयीने बदलले, आणि काळा तेवढा वगळला, असेच यातून दिसते.

ही यादी घरोघरी पोहोचली ती वर्तमानपत्रातून. २००३-०४ च्या सुमारास ‘महाराष्ट्र टाइम्स’ने नवरात्रात रोजचा रंग जाहीर करायला आणि त्या रंगात सजलेल्या महिलांच्या गटांची छायाचित्रे छापायला सुरुवात केली. बँका, शाळा, रुग्णालये, लोकलचे गट, सोसायट्या, सगळीकडून छायाचित्रे येऊ लागली आणि काही वर्षांतच उपक्रमाची रीत झाली. रीत रुळल्यावर तिला जुनेपण चिकटवले गेले.

असे फक्त आपल्याकडेच होत नाही. स्कॉटलंडमधल्या प्रत्येक कुळाचे चौकड्यांचे कापड, म्हणजे टार्टन, अनादिकाळापासून ठरलेले आहे असा जगभर समज आहे. चौकड्यांचे कापड तिथे खरेच जुने आहे. फॉलकर्कला सापडलेला तुकडा तिसऱ्या शतकातला मानतात. १७०३ मध्ये मार्टिन मार्टिन या लेखकाने बेटाबेटांवर नक्षी बदलते अशी नोंद केली, पण ती प्रदेशाची, कुळाची नव्हे. १७४६ च्या कायद्याने डोंगराळ भागातल्या पुरुषांच्या या पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांकडून आपापल्या टार्टनचे नमुने मागवले, तेव्हा आपली नक्षी कोणती हे कित्येकांना ठाऊक नव्हते. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, मागणी उसळली आणि बॅनकबर्नच्या विल्सन यांच्या मागांवरच्या नमुन्यांना कुळांची नावे मिळत गेली. १८४२ मध्ये दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या नावाखाली कुळांच्या टार्टनचे पुस्तकच छापले. ते बनावट ठरले. कापड जुने, कोष्टक नवे. आपल्याकडेही तसेच: देवीचे लाल वस्त्र, ओटीचा हिरवा खण, हळदीचा पिवळा हे सगळे जुने, वारांचे कोष्टक नवे.

मग नवे म्हणून ते खोटे का? मुळीच नाही. टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव शिवसेनेचे ठाण्यातले नेते आनंद दिघे यांनी १९७८ मध्ये सुरू केला. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ मध्ये निघाली आणि तिथून गावोगाव गेली. या दोन्हींची जन्मतारीख सर्वांना माहीत आहे, म्हणून कुणाची श्रद्धा किंवा उत्साह तसूभर कमी झालेला नाही. परंपरेला वय असते, आणि ते कमी असण्यात कमीपणा नाही.

कुणी विचारेल, आनंदच आहे तर शास्त्र म्हटले म्हणून बिघडले कुठे? बिघडते ते असे. हळदीकुंकवाला, ओटीला सवाष्ण लागते. विधवेला तिथे पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले गेले. नऊ रंगांना अशी कुठलीच अट नाही. विधवा, अविवाहित, घटस्फोटित, दुसऱ्या धर्माची सहकारी, कँटीनमधली मावशी, सगळ्या एका रंगात एका फोटोत उभ्या राहतात. सणासुदीला सवाष्णीने पांढरे नेसू नये असे मानणाऱ्या घरांतल्या बायकाही सोमवारी हौसेने पांढरे नेसतात. हे मोकळेपण नवेपणातूनच आले आहे. त्यावर शास्त्राचा शिक्का मारला की पाठोपाठ अटी येतात, चुकीचा रंग अशुभ ठरतो, आणि जिच्याकडे करडी साडी नाही तिच्या मनात अपराधीपणा शिरतो. ती साडी घेण्यासाठी घरखर्चातून पैसे काढणाऱ्या बाईला आपण धर्माच्या नावाने चुकीची माहिती देत असतो.

घट बसवणे, रोजची माळ, अखंड दिवा, रुजवण हा नवरात्राचा कुळाचार आहे. तो ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीने चालतो आणि रंगांवाचून पूर्ण होतो. रंग ही आपल्या पिढीने घातलेली भर आहे. ती आपली आहे असे उघडपणे म्हणावे, हवी तिने मिरवावी, नको तिने सोडावी. आणि मोबाइलवर फिरणाऱ्या यादीतून ‘शास्त्रानुसार’ हा शब्द काढून मगच ती पुढे पाठवावी.