नगरपरिषद आणि तिचा कामगार



चांदूर बाजार या गावाच्या नावातच बाजार आहे. आठवड्याचा बाजार उठला, की मागे उरलेला पालापाचोळा व केरकचरा उचलण्याचे काम सफाई कामगारांकडे येते. ते वेळेवर झाले, तर कोणी त्याची दखल घेत नाही. दोन दिवस राहिले, तर मात्र साऱ्या गावाला नगरपरिषदेची आठवण होते. नगरपरिषदेचे चालक आणि कामगारांचा संघ यांचे संबंध कसे असले म्हणजे संस्था सुधारते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

गिरणीत मालक कोण, हे विचारावे लागत नाही. नगरपरिषदेत मात्र तोच प्रश्न अवघड होऊन बसतो. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमान्वये धोरण ठरविते ती लोकनियुक्त सभा. तिची मुदत पाच वर्षांची. कारभार पाहतो तो मुख्याधिकारी. तो शासनाच्या सेवेतला, आज येथे तर उद्या अन्यत्र. पदे मंजूर करणे शासनाच्या हाती. आणि १९९९ साली नगरपरिषदांची जकात बंद झाल्यापासून वेतनासाठीही बव्हंशी शासकीय अनुदानाकडेच पाहावे लागते. परिणाम असा, की संघाचे प्रतिनिधी ज्यांच्यापुढे बसतात त्यांच्या हाती पुष्कळदा निर्णय नसतो, आणि ज्यांच्या हाती निर्णय असतो ते समोर नसतात.

कामगार मात्र वर्षानुवर्षे त्याच गावात राहतो. कोणती नाली पहिल्या पावसात तुंबते, कोणत्या वळणावर जलवाहिनी फुटते, हे दप्तरात नसले तरी त्याच्या ध्यानात असते. संस्थेची स्मृती अशी तिच्या सर्वांत कनिष्ठ सेवकापाशी साठलेली असते. जी संस्था त्याच्याशी बोलत नाही, ती स्वतःच्याच अनुभवाला मुकते.

हे बोलणे आपोआप सुरू झाले नाही. मुंबईत १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला, तेव्हा वेतनाइतकाच माणुसकीच्या वागणुकीचाही प्रश्न होता. आपल्या विदर्भातील उदाहरण नागपूरचे. तेथील महानगरपालिकेच्या सेवकांच्या वेतनश्रेणी, भविष्यनिर्वाह निधी आदी मागण्या १९५६ साली औद्योगिक न्यायालयाकडे सोपविण्यात आल्या. पालिका हा मुळी 'उद्योग'च नव्हे, मग औद्योगिक कायदा तिला लागू कसा, असा पालिकेचा आक्षेप होता. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. पाणीपुरवठा, आरोग्य, अग्निशामक दल, इतकेच नव्हे तर शिक्षण विभागही त्या कायद्याच्या कक्षेत येतो, असे ठरविले. परंतु मागण्यांचा विचार व्हावा की नाही, एवढ्याच वादात जी वर्षे गेली, ती उभय पक्षांना परत मिळाली नाहीत.

पुढे १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने संघांना मान्यता देण्याची रीत घालून दिली. पन्नास वा अधिक कामगार असलेल्या उपक्रमात ज्या संघाकडे मागील सहा महिने किमान तीस टक्के कामगारांचे सभासदत्व असेल, त्याला मान्यतेसाठी अर्ज करता येई. बोलावयाचे कोणाशी, हा चालकांचा प्रश्न त्यामुळे सुटला; बोलण्याची इच्छा मात्र कायद्याने उत्पन्न होत नाही.

ही इच्छा नसली, की ठेकेदारीचा मार्ग सोपा वाटतो. ठेकेदार बदलतो, त्याच्याबरोबर माणसे बदलतात, आणि वर सांगितलेली स्मृतीही निघून जाते. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने असा लढा दिला. सुमारे २,७०० सफाई कामगार हे ठेकेदाराचे नसून पालिकेचेच होत, हा २०१४ चा न्यायाधिकरणाचा निर्णय २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. जो खर्च टाळावयाचा होता, तो टळला नाही. कटुता मात्र पदरी पडली.

संघांकडेही दोष नाही असे नव्हे. हजेरीची नवी पद्धत असो वा कामाची नवी वाटणी, प्रत्येक बदलात कपटच पाहणारा संघ अखेर आपल्या सभासदांचेच अहित करतो. पण अशी शंका बहुधा पूर्वानुभवातून येते. ज्यांना निर्णय झाल्यावरच कळविले जाते, ते विरोधापलीकडे दुसरे काय करणार?

मग लहान नगरपरिषदेने करावे तरी काय? वेतनश्रेणी व पदांची संख्या गावात ठरत नाही, हे खरे. परंतु हातमोजे व गमबूट वेळेवर देणे, रजेचा हिशेब चोख ठेवणे, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम नियमाने भरणे, बाजाराच्या दिवशी कामाची वाटणी न्यायाने करणे, या गोष्टींसाठी मुंबईच्या मंत्रालयाकडे पाहावे लागत नाही. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी व संघाचे प्रतिनिधी यांनी दरमहा एकत्र बसावे, ठरले ते लिहून ठेवावे, आणि पुढील बैठकीत आधी मागचे टिपण वाचावे. अधिकारी बदलला तरी टिपण राहते. नवागताला शब्द पाळणे सोपे जाते व संघालाही आपला शब्द मोडणे कठीण जाते. जे शासनाच्या अधिकारातले, ते उभयतांनी मिळून शासनाकडे मागावे. त्या मागणीला वजन येते.

संप मिटला म्हणजे संबंध सुधारले असे समजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः संबंधांची परीक्षा संप नसताना होते. ज्या गावात पावसाळ्यापूर्वी नालीविषयी सफाई कामगाराचे मत विचारले जाते, त्या गावची नगरपरिषद सुधारू लागली असे खुशाल समजावे.