विश्लेषण : सिंथेसायझर घेताना काय पाहावे, आवाज की एकत्र वाजणाऱ्या टोनची संख्या?

दुकानात विक्रेता सिंथेसायझरचा एकेक टोन वाजवून दाखवतो. स्ट्रिंग्ज भरदार, पियानो खणखणीत. पण घरी येऊन बास, ड्रम, स्ट्रिंग्ज आणि बासरी एकत्र वाजवायला घेतले की तोच कीबोर्ड फिका वाटू लागतो, मधले स्वरही गळतात. हा बिघाड नसतो. वाद्याची रचनाच तशी असते.

‘मल्टिटिम्ब्रल’ म्हणजे नेमके काय?

माहितीपत्रकातील दोन आकड्यांची नेहमी गल्लत होते. पॉलिफोनी म्हणजे एका वेळी किती स्वर वाजतात. मल्टिटिम्ब्रल क्षमता म्हणजे एका वेळी किती वेगवेगळे टोन वाजतात. १९८३ च्या यामाहा डीएक्स७ मध्ये १६ स्वर वाजत, पण सगळे एकाच टोनचे. त्याच वर्षी मिडी आले. एका केबलमधून १६ चॅनेल जाऊ लागले आणि एकाच वाद्यातून अख्खा वाद्यवृंद वाजावा, ही मागणी सुरू झाली.

आवाज का उतरतो?

रोलँडची दोन मॉडेल शेजारी ठेवली की उत्तर मिळते. १९८७ चा डी-५० त्याच्या आवाजासाठी आजही शोधला जातो. स्वराचा सुरुवातीचा आघात खऱ्या ध्वनीच्या छोट्या नमुन्यातून घ्यायचा आणि पुढचा लांबणारा भाग सिंथेसिसने तयार करायचा, ही त्याची युक्ती. एका टोनमध्ये दोन ‘पार्शल’, म्हणजे ध्वनीचे दोन थर. दोन टोन एकत्र केले की चार थर आणि एका वेळी आठ स्वर. वर रिव्हर्ब, कोरस आणि इक्वलायझर. मात्र एका वेळी दोनच टोन.

पुढच्या वर्षी आलेला डी-१० त्याच घराण्यातला. त्यात आठ भाग आणि वर ताल, म्हणजे कागदावर कितीतरी मोठे वाद्य. पण पार्शलचा साठा एकूण ३२. चार पार्शलची स्ट्रिंग्ज लावून चार स्वरांचा कॉर्ड धरला की १६ खर्ची पडतात. उरलेल्या १६ मध्ये बास, ताल आणि बासरी बसवायची. त्यात सस्टेन पेडल दाबले, तर आधीचे स्वर तोडल्याशिवाय नव्याला जागा मिळत नाही. मग वादक एक-दोन पार्शलचे हलके टोन निवडतो आणि आवाज पातळ होतो. इफेक्ट म्हणून फक्त रिव्हर्ब, तोही सगळ्यांत मिळून एकच. साठा जवळपास तेवढाच असताना डी-५० तो एकदोन टोनवर ओततो, डी-१० नऊ ठिकाणी वाटतो.

१९८८ च्याच कॉर्ग एम१ ने आठ भाग आणि उत्तम आवाज दोन्ही देऊ केले, तरी इफेक्टची अडचण तिथेही होती. एकेकटा टोन स्वतःचे इफेक्ट घेऊन येई. अनेक टोन एकत्र केले की सगळ्यांना मिळून दोनच इफेक्ट उरत. दुकानात ऐकलेला टोन घरी ‘तसा’ का वाजत नाही, त्याचे कारण बहुधा हेच.

आज ही निवड उरली आहे का?

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत दिसणाऱ्या रोलँड एक्सपीएस-३० मध्ये १२८ स्वर आणि १६ भाग आहेत. स्वर तुटण्याचा प्रश्न बराचसा मिटला. उलट २०१६ च्या कॉर्ग मिनिलॉगमध्ये चारच स्वर आणि एका वेळी एकच टोन. तरीही लोक तो घेतात, कारण त्याचा अ‍ॅनालॉग आवाज आणि हाताशी असलेले नॉब.

घरी संगणकावर एकेक ट्रॅक ध्वनिमुद्रित करणाऱ्याने बिनधास्त आवाज पाहून वाद्य घ्यावे. आधी बास, मग स्ट्रिंग्ज. एकटोनी वाद्यही गाणे पूर्ण करते. वेळ मात्र जास्त लागतो आणि मुद्रित झालेल्या बासचा टोन नंतर बदलायचा तर तो पुन्हा वाजवावा लागतो. कार्यक्रमात वाजवणाऱ्याला ती सवलत नाही. डाव्या हाताला बास, उजवीकडे स्ट्रिंग्ज, मध्येच बासरी, हे एका दमात हवे. पण त्यालाही बहुतेकदा तीन-चारच भाग लागतात. १६ च्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायचे कारण नाही.

दुकानात काय तपासावे?

एकेकटा टोन ऐकून थांबू नका. मल्टी किंवा परफॉर्मन्स मोड लावायला सांगा. ताल सुरू करा, डाव्या हाताला बास ठेवा, सस्टेन पेडल दाबून उजव्या हाताने स्ट्रिंग्जचे कॉर्ड बदलत राहा. स्वर तुटतो का, ऐका. मग तोच स्ट्रिंग्ज टोन एकटा वाजवा आणि फरक किती पडतो ते पाहा. इफेक्ट प्रत्येक भागाला वेगळे आहेत की सामायिक, हेही विचारून घ्या. माहितीपत्रकात ही ओळ बारीक अक्षरात असते.